मुलांचे वावडे : खरे किती, समजुतीचे किती?

‘याला अंडे चालत नाही’, ‘हिला शेंगदाण्याचे वावडे आहे’, असे पालक सांगतात आणि आपण तशी नोंद करून ठेवतो. ऊर्जानगरच्या वसाहतीतील शाळा असो की गडचिरोलीच्या जंगलातील आश्रमशाळा, ही नोंद महत्त्वाची असते. वावडे खरे असून दुर्लक्ष झाले तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. खरे नसताना ते वर्षानुवर्षे पाळले, तर वाढत्या वयात मूल अंडी, दूध, डाळ अशा पोषक अन्नाला मुकते. जेथे कुपोषण आहे, तेथे हे नुकसान लहान नाही.

वावडे म्हणजे नेमके काय? आपली प्रतिकारयंत्रणा रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांत ती अन्नातील निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजते आणि ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडे बनवते. इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींना चिकटून बसतात. तेच अन्न पुन्हा पोटात गेले की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो.

दूध पिऊन पोट फुगणे हे बहुधा वावडे नव्हे. लॅक्टेज हे विकर कमी पडल्याने दुधातील साखर पचत नाही, इतकेच. आपल्याकडील लाखोळीची डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडू शकतात. तेही वावडे नव्हे, डाळीतील विषारी घटकाचा परिणाम आहे.

दवाखान्यात तपासाची सुरुवात प्रश्नांनी होते. मग त्वचेवर अन्नाच्या अर्काचा थेंब ठेवून हलके टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत ३ मिलिमीटर किंवा अधिक व्यासाची गांधी उठली तर चाचणी होकारार्थी. पण एवढ्याने वावडे सिद्ध होत नाही. कर्नाटकातील प्रौढांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. संभाव्य वावडे मात्र १.२ टक्के लोकांनाच होते. म्हणून शंका उरल्यास डॉक्टर आपल्या देखरेखीखाली, औषधे हाताशी ठेवून, ते अन्न कणाकणाने वाढवत खायला देतात. हा प्रयोग घरी किंवा शाळेत कधीही करू नये.

निदानानंतर मुलाचे वजन-उंची नोंदवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासतात; कारण दुधाचे व अंड्याचे वावडे अनेक मुलांत वयाबरोबर जाते. शेंगदाण्याचे मात्र बहुधा टिकते.

येथे शिक्षकांची नोंद फार उपयोगी पडते. काय खाल्ले, किती, किती मिनिटांनी काय झाले आणि दर वेळी तसेच होते का, एवढे चार रकाने पुरेत. मुलाला धाप लागली किंवा ते भोवळून पडले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. खाजेच्या गोळीवर विसंबू नये.