आठ टक्क्यांची गमतीदार वाटणी

समज, तुझ्या वर्गात अंगतपंगत झाली. मज्जाच मज्जा! पण आता फरशीवर शेव, शितं, केळीची सालं! बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी सारखंच झाडायचं." तू लगेच ओरडशील, "असं कसं बाई? बंटीनं तीन डब्यांचा फडशा पाडला, सोनीनं तर अजून डबाच उघडला नाही!"

आणि गंमत म्हणजे, युरोपातल्या १५ देशांपुढे अगदी हाच पेच पडला होता!

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हवेत साठत राहतो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. मग पृथ्वी तापते! म्हणून १९९७ मध्ये जपानच्या क्योटो शहरात या १५ जणांनी मिळून शब्द दिला: १९९० मध्ये असे वायू जितके सोडत होतो, त्यापेक्षा ८ टक्के कमी सोडू.

पण कुणी किती? वाटणी झाली १९९८ मध्ये. सगळ्यात मोठी कपात कुणाच्या वाट्याला आली, सांग बरं? लक्झेंबर्गच्या! आपल्या गोव्याहूनही छोटा देश, आणि कपात २८ टक्के!

अन्याय? छे! तिथे पोलाद बनवायच्या जुन्या भट्ट्या कोळशावर धगधगायच्या. त्या बंद करून विजेच्या भट्टीत भंगार वितळवायचं काम तिथे सुरूच झालं होतं. जर्मनीला २१ टक्के मिळाले. त्यांच्या पूर्व भागातले धूर ओकणारे कारखाने तसेही बंद पडत होते. लबाड कुठले!

आणि पोर्तुगाल? त्याला चक्क २७ टक्के वाढवायची मुभा! हो, वाढवायची! तो इतरांपेक्षा गरीब. रस्ते, कारखाने, घरं, सगळं अजून उभारायचं होतं. म्हणजे डबा न उघडलेली सोनीच ती! फ्रान्सला मात्र ना कमी, ना जास्त. शून्य!

एवढं वरखाली करूनही २०१२ पर्यंत या १५ जणांनी मिळून ८ टक्क्यांहून जास्तच कपात केली!

क्योटोत भारताला कपातीचा आकडाच नव्हता. पण २०१५ मध्ये पॅरिसला नवं ठरलं: प्रत्येक देशानं आपला आकडा आपणच लिहायचा, आणि दर पाच वर्षांनी आणखी दमदार लिहायचा. भारतानं २०२२ मध्ये काय लिहिलं असेल? "एकूण वायू कमी करू" असं नाहीच! लिहिलं, की २००५ मध्ये देशाच्या दर रुपयाच्या कमाईमागे जितके वायू सुटायचे, ते २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करू. म्हणजे कमाई वाढू दे, पण धूर तिच्या वेगानं धावायचा नाही!