मूत्रमार्गातली दुर्बीण

१८८०च्या दशकात इंदूरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन कीगन लहान मुलांच्या मूत्राशयातले खडे पोटावर चीर न देता काढत होते. मूत्रमार्गातून पोलादी चिमटा आत सरकवायचा, त्याच्या जबड्यात खडा धरून चिरडायचा आणि चुरा पाण्याने धुऊन बाहेर खेचायचा. बॉस्टनचे सर्जन बिगेलो यांनी १८७८ मध्ये मांडलेली ही पद्धत मुलांच्या अरुंद मार्गातूनही जमते, हे कीगन यांनी दाखवलं. पण हे सगळं चाचपडत चाले. चिमट्यात खडा आला की मूत्राशयाची भिंत, हे फक्त हाताला कळायचं. ते हात किती तयार असतील, याचं मला आजही नवल वाटतं.

आत पाहता यावं ही धडपड तेव्हा युरोपात चालू होतीच. १८७९ मध्ये माक्स नित्झे यांनी व्हिएन्नात आपली मूत्राशयाची दुर्बीण सादर केली. टोकाशी विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार आणि तिने भाजू नये म्हणून भोवती खेळवलेलं थंड पाणी! पुढे तारेच्या जागी इवलासा विजेचा दिवा आला. न्यूयॉर्कमध्ये स्टर्न यांनी १९२६ मध्ये आणि मॅकार्थी यांनी १९३१ मध्ये दुर्बिणीला विजेवर चालणारी तारेची कडी जोडली. तेव्हापासून पाहणं आणि कापणं एकाच नळीतून होऊ लागलं.

तरी चित्र अंधूकच होतं. नळीत बारीक भिंगं आणि मध्ये लांब हवेची पोकळी, अशी जुनी रचना होती. लिव्हरपूलचे सर्जन गॉ यांच्या विनंतीवरून भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये हा हिशेबच उलटा केला: नळीत काचेच्या कांड्या भरल्या आणि त्यांच्यामधल्या हवेच्या फटी भिंगांचं काम करू लागल्या. उजेड कित्येक पटींनी वाढला. हॉपकिन्स यांच्याच हाताखाली पंजाबच्या नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं होतं. दोघांचा निबंध १९५४ चा. मूत्रपिंडापर्यंत वळत जाणाऱ्या लवचीक दुर्बिणी त्यातून उभ्या राहिल्या. हॉपकिन्स यांच्या कांड्या मात्र बरीच वर्षं कुणी घेईना. अखेर जर्मनीतल्या टुटलिंगेनचे उपकरण-निर्माते कार्ल स्टोर्झ यांनी त्या हाती घेतल्या. माझ्या लेखी मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी झेप म्हणजे या कांड्याच. जे दिसत नाही ते नीट कापताही येत नाही.

प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन आज गावोगावच्या कुटुंबांना ओळखीचं आहे. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी मूत्रमार्गाला चहूबाजूंनी दाबते, धार बारीक होते, कधी लघवी साफ तुंबते. सर्जन आतून ग्रंथीचा गर तासत जातो आणि संत्र्याच्या सालीसारखं बाहेरचं आवरण राखतो. सतत वाहत्या द्रावाने रक्त धुतलं जातं म्हणून दिसतं. जुन्या पद्धतीच्या विजेच्या कडीला मिठाचं पाणी चालत नाही, कारण त्यातून वीज पसरते. म्हणून ग्लायसीनचं द्रावण वापरतात. ते उघड्या शिरांतून रक्तात शिरलं की सोडियम घसरतं आणि रुग्ण गोंधळतो. म्हणूनच कमरेत इंजेक्शन देऊन जागं ठेवलेल्या रुग्णाशी भूलतज्ज्ञ बोलत राहतात, आणि सर्जनला घड्याळ विसरता येत नाही. नव्या बायपोलर कडीला सलाइन चालतं, त्यामुळे हा धोका जवळजवळ टळला आहे. मोठ्या ग्रंथी होल्मियम लेसरने सोडवून काढतात. ते कसब हाती बसायला मात्र वेळ लागतो.

वर टाका नाही म्हणून घरचे याला किरकोळ समजतात, ते चूक. आत ताजी जखम असते. कॅथेटरमधून सलाइन सोडत ठेवतात आणि पिशवीतला रंग लाल आहे की फिकट गुलाबी, यावर नर्सची नजर असते. ऑपरेशननंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ही गोष्ट आधी, स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी. संकोचापोटी ती अनेकदा राहून जाते आणि रुग्ण नंतर एकटाच घाबरतो. तासलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला जातात. मागे राहिलेल्या सालीत कर्करोग होऊ शकतो, किंबहुना तो बहुधा तिथेच सुरू होतो. त्यामुळे प्रोस्टेट काढली असं समजून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी कायमची सोडून देऊ नये. ती कधी करायची, हे सर्जनला विचारून ठरवावं.