पित्याच्या प्रेमाचे मनन

ख्रिस्ती श्रद्धेत देव हा पिता आहे. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवातच देवाला पिता म्हणून हाक मारून होते. या पितृप्रेमाच्या मननासाठी लूकच्या शुभवर्तमानातील 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला अनेकदा घेतला जातो. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परमुलखात सगळे उडवतो, दुष्काळात डुकरे राखतो आणि अखेर घराची वाट धरतो. बाप त्याला दुरून पाहताच धावत जाऊन मिठी मारतो. मुलाची क्षमायाचना पुरी होण्याआधीच उंची झगा, बोटात अंगठी आणि पायात जोडे घालायला सांगतो. या स्वागतावर थोरला मुलगा रुसून बाहेर थांबतो, तेव्हा त्याची समजूत काढायलाही बापच बाहेर येतो.

ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनाग्रंथात मननाची एक रीत सांगितली आहे. प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा, त्यातली माणसे पाहायची, त्यांचे बोलणे ऐकायचे आणि शेवटी देवाशी मोकळेपणाने बोलायचे. या रीतीने दाखल्यावर मनन करणारा कधी धाकट्याच्या, तर कधी थोरल्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो. थोरला घरात गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो.