जंजिरा : पाण्यांतील एक राज्य

श्रोतेहो, शाळेंत इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे शिकलों नाहीं. परंतु पुण्यासारख्या शहरांत जुनीं पुस्तकें आणि त्यांवर वाद घालणारीं माणसें यांची वाण नाहीं, त्यामुळें वाचन मात्र सुटलें नाहीं. शिवकालाचा धडा चालू असतांना एक प्रश्न दरवर्षीं हटकून येई. एखादा मुलगा उभा राही आणि विचारी, "गुरुजी, महाराजांनीं इतके किल्ले घेतले, मग जंजिराच कां घेतला नाहीं?" मी सांगें, "तो अभेद्य होता म्हणून." मुलगा खालीं बसे व मी पुढच्या धड्याकडे वळें. आतां सेवानिवृत्त झाल्यावर कबूल करावयास हरकत नाहीं, कीं तें उत्तर नव्हतें; प्रश्न टाळण्याची ती एक रीत होती. भिंती तर सर्वच किल्ल्यांना असतात. मग याच भिंती अडीच-तीनशें वर्षें कां टिकल्या? त्या मुलांचें हें राहिलेलें देणें आज थोडेंसें फेडावें, असा विचार आहे.

समुद्रांत एक बेट, त्यावर दुरून आलेले लोक, आणि भोंवतालच्या मोठ्या सत्तांना न जुमानतां चाललेलें त्यांचें राज्य, हा प्रकार जगाच्या इतिहासांत अगदींच एकटा नाहीं. भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेट पाहा. तिसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळीं, ११९१ सालीं, इंग्लंडचा राजा रिचर्ड यानें तें जिंकलें, व पुढच्याच वर्षीं तें ल्युसिन्यां घराण्यांतील गी नांवाच्या फ्रेंच सरदाराच्या हातीं आलें. प्रजा ग्रीक, राजा फ्रेंच आणि व्यापार इटालियनांचा, अशा स्थितींत त्या घराण्यानें तेथें जवळ जवळ तीनशें वर्षें राज्य केलें. शेवटची राणी कातेरिना कोर्नारो हिनें १४८९ सालीं बेट व्हेनिसच्या स्वाधीन केलें, व मोबदला म्हणून तिला इटलींतील आसोलो हें गांव मिळालें. हा शेवटचा व्यवहार श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. असाच एक व्यवहार पुढें आपल्या पुण्यांत झाला; मात्र त्याचें फळ निराळें निघालें.

आतां आपल्या बेटाकडे वळूं. रायगड जिल्ह्यांत मुरूडजवळ राजापुरीची खाडी आहे. रत्नागिरीकडील राजापूर तें वेगळें. या खाडीच्या तोंडाशीं सुमारें बावीस एकरांचा एक खडक समुद्रांतून वर आलेला आहे. जंजिरा हा शब्दच मुळीं अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. तट थेट पाण्यांतून उभा राहतो. पायाशीं शत्रूला शिडी टेकण्यापुरतीही कोरडी जागा सांपडत नाहीं. मुख्य दरवाजा राजापुरीकडे, म्हणजे पूर्वेस तोंड करून आहे; परंतु तो बुरुजांच्या आड असा बसविला आहे, कीं होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. आणि सर्वांत नवल हें, कीं चोहोंकडे खारें पाणी असतां आंत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. ज्या किल्ल्यांत पाणी आहे आणि ज्याची समुद्राची वाट मोकळी आहे, त्याला वेढा घालणें म्हणजे अर्धाच वेढा घालणें होय.

या खडकावर प्रथम कोळी लोकांचा लांकडी मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा नायक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषानें आला, त्यानें दारूचीं पिंपें देऊन कोळ्यांना बेसावध केलें, आणि मग बेट ताब्यांत घेतलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. कथेचा तपशील कसाही असो; बेट निजामशाहीकडे गेलें आणि तेथें हबशी अधिकारी आले, एवढें खरें. हे हबशी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागांतून, विशेषतः ॲबिसीनियांतून, आलेले लोक. त्यांतील पुष्कळ जण गुलाम म्हणून विकले जाऊन दक्षिणेंत पोंचले व शौर्यानें आणि अकलेनें सरदार झाले. अहमदनगरची बुडती निजामशाही ज्यानें वर्षानुवर्षें सांवरून धरली, तो मलिक अंबर याच मार्गानें आला होता. त्याच्याच अमदानींत, सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत, जंजिऱ्याच्या सिद्दींचें बळ वाढलें. १६३६ मध्यें निजामशाही संपली आणि कोंकणपट्टी विजापूरकडे गेली; सिद्दींनीं धनी बदलला, बेट मात्र सोडलें नाहीं.

येथें त्यांच्या एका चालीकडे लक्ष दिलें पाहिजे, कारण माझ्या मतें खरी तटबंदी तीच होती. जंजिऱ्याचा मुख्य मरण पावला, कीं त्याचा मुलगा आपोआप गादीवर बसत नसे. आरमारावरील जो पहिला अंमलदार, त्याला मुलाच्या आधीं मान मिळे. सिद्दी सरदारांची संमति हाच त्याचा राज्याभिषेक. आपल्याकडे केवढाल्या दौलती अज्ञान वारस आणि भाऊबंदकी यांच्यापायीं धुळीस मिळाल्या, हें पुणेंकरांना सांगावयास नको. ज्याला दर्या कळत नाहीं, अशा माणसाच्या हातीं हें बेट फार काळ जाऊंच शकत नव्हतें.

याचा प्रत्यय १६७० मध्यें आला. महाराजांनीं जंजिऱ्याला असा निकराचा वेढा घातला, कीं मुख्य फत्तेखान तह करून बेट देण्यास तयार झाला. पण सिद्दी संबूल, सिद्दी कासीम व सिद्दी खैर्यत या तिघांनीं त्याला कैद केलें आणि औरंगजेबाकडे मदत मागितली. मोगलांनीं त्यांना आपल्या आरमाराची सरदारी दिली, सुरतेच्या उत्पन्नांतून तनखा दिला व पुढें याकूतखान हा किताबही दिला. धनी इतका दूर, कीं त्याला हुकूम बजावतां येऊं नये. आणि इतका श्रीमंत, कीं पैसा मात्र येत राहावा. बेटावरच्या लहान राज्याला याहून सोयीचा धनी कोणता? पुढच्याच वर्षीं शिमग्याच्या धामधुमींत कासीम आणि खैर्यत यांनीं समोरचें दंडाराजापुरीचें ठाणें मराठ्यांकडून परत घेतलें.

महाराज स्वस्थ बसले नाहींत. मुरूडसमोरच्या कांसा बेटावर त्यांनीं पद्मदुर्ग उभारला. या दुर्गाला रसद वेळेवर पोंचविली नाहीं म्हणून प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला १६७५ मध्यें महाराजांनीं जें पत्र पाठविलें, तें प्रसिद्ध आहे. आपण ब्राह्मण आहों म्हणून शिक्षेंतून सुटूं, असें कोणी समजूं नये, अशी त्यांतील तंबी आहे. विद्यार्थ्यांना हें पत्र मी अवश्य दाखवीत असें. जंजिरा नुसत्या भिंतींमुळें वांचला नाहीं, कांहीं अंशीं आपल्याच कचेरींतील ढिलाईमुळेंही वांचला, हें त्यांतून उघड होतें. १६७६ मध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं तराफ्यांवर तोफा चढवून मारा केला. तोही परतविला गेला. पावसाळा आला, कीं मराठ्यांना गलबतें ओढून घ्यावीं लागत. सिद्दींचें आरमार मात्र मुंबईस माजगांवच्या बंदरांत इंग्रजांच्या आश्रयानें पावसाळा काढी. इंग्रजांना तें मनांतून आवडत नसे, पण मोगलांच्या भीतीनें 'नाहीं' म्हणवत नसे.

संभाजी महाराजांनीं १६८२ च्या सुमारास केलेला प्रयत्न सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. कोंडाजी फर्जंद हा फितूर झाल्याचें सोंग करून किल्ल्यांत शिरला. कट उघडकीस आला व त्याला प्राणास मुकावें लागलें. मग किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतु घालण्याचें काम सुरू झालें. तेवढ्यांत मोगलांची फौज कल्याणकडे उतरली आणि महाराजांना तें काम सोडून धांवावें लागलें. पाहा, बेटावर तोफ डागणारा मराठा आणि पाठीवर वार करणारा मोगल, असा हा सामना होता. जंजिऱ्याचा एक बुरूज दिल्लीच्या तख्ताशीं जोडलेला होता.

पुढें १७३३ मध्यें एक संधि चालून आली. सिद्दी रसूल याकूतखान वारला आणि त्याच्या मुलांनातवांत वारसाचा तंटा लागला. जुनी चाल ढिली पडतांच दार किलकिलें झालें. बाजीराव पेशवे स्वतः कोंकणांत उतरले. रायगड पुन्हां मराठ्यांकडे आला. परंतु रायगड घेण्याचें श्रेय प्रतिनिधींच्या बाजूस गेलें आणि पेशवे व प्रतिनिधि यांच्यांतील तेढ वाढली. त्याच वर्षीं दर्याचा कर्ता पुरुष सेखोजी आंग्रे मरण पावला व त्याच्या भावांत कलह माजला. इकडे मुंबईकर इंग्रज सिद्दींच्या पाठीशीं उभे राहिले. १७३६ च्या एप्रिलांत चिमाजीआप्पांनीं रेवसजवळ सिद्दी सात यास रणांत पाडलें. अखेरच्या तहानें सिद्दींच्या अकरा महालांपैकीं निम्म्याचा वसूल मराठ्यांना मिळाला. जमीन अर्धी आली; बेट आलें नाहीं. आणि पुढें वीस वर्षांनीं, १७५६ मध्यें, पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्याचा पाडाव केला, तेव्हां विजयदुर्गाखालीं जें आरमार जळालें, तें मराठ्यांचेंच होतें. जंजिरा घेण्याचें हत्यार आपणच आपल्या हातानें मोडलें.

आतां तो पुण्यांतील व्यवहार. १७८४ नंतर जंजिऱ्यावर पुन्हां वारसाचा तंटा झाला. अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियां याचा जन्माचा हक्क. परंतु किल्ला व आरमार सिद्दी जोहराच्या हातीं. पन्हाळ्याच्या वेढ्यांतील जोहर तो निराळा. हा त्याच्यामागून सव्वाशें वर्षांनीं झाला. बाळूमियां पुण्यास आश्रयाला आला. सवाई माधवरावांची कारकीर्द व नाना फडणवीसांचा कारभार. १७९१ मध्यें करार झाला : बाळूमियांनें जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस द्यावा आणि त्याबद्दल सुरतेजवळचा सचीनचा प्रांत घ्यावा. सायप्रसच्या राणीला आसोलो मिळालें, तसेंच हें. पण कोर्नारो राणीच्या हातीं बेट होतें, म्हणून व्हेनिसला तें मिळालें. बाळूमियांच्या हातीं केवळ कागद होता, म्हणून पेशव्यांना कागदच मिळाला. सचीनचें संस्थान त्याच्या वंशांत चाललें. जंजिऱ्यावर जोहर होता तेथेंच राहिला. जन्माचा हक्क पुण्यांत विकला गेला, आणि दर्याचा हक्क बेटावरच उरला.

पेशवाई बुडाल्यावर मात्र असा शत्रु समोर आला, ज्याच्या हातीं समुद्रच होता. १८३४ मध्यें इंग्रजांनीं आपलें वर्चस्व जाहीर केलें व जंजिऱ्याची टांकसाळ बंद झाली. तोफ डागावी लागली नाहीं. नंतरच्या नबाबांना अकरा तोफांच्या सलामीचा मान होता. परंतु त्या तोफा दुसऱ्याच्या परवानगीनें वाजत. सुमारें सव्वातीनशें चौरस मैलांचें हें संस्थान १९४८ च्या मार्च महिन्यांत मुंबई राज्यांत विलीन झालें. पुढें बेटावरील वस्तीही हळूहळू उठून गेली. आज राजापुरीहून शिडाच्या होडींतून जाणाऱ्या प्रवाशाला कलालबांगडी तोफ, कोरडे वाडे आणि हिरव्या पाण्याचे तलाव एवढेंच दिसतें.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर काय? बेट वांचलें, कारण त्याचा मुख्य बहुधा खलाशी असे. त्याचा धनी दूर असे. आणि त्याचे शत्रु आपसांत भांडत असत. भिंतीचा क्रमांक यानंतर लागतो.

पण एवढ्यावर थांबलों, तर पुन्हां अर्धेंच उत्तर दिल्यासारखें होईल. या टिकून राहण्याची किंमत कोणी दिली? किनाऱ्यावरच्या कोळ्यानें आणि कुणब्यानें. दोन्ही बाजूंच्या स्वाऱ्यांत जळालें तें त्यांचें घर. सिद्दींच्या धाडींत माणसें धरून नेलीं जात. आणि नेणारे कोण, तर ज्यांचे पूर्वज स्वतः बाजारांत विकले गेले होते! मनुष्य स्वतःचें दुःख किती लवकर विसरतो, याचें याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाहीं. आणि तरीही ते लोक परके राहिले नाहींत. साडेचारशें वर्षें ज्यांनीं याच मातींत आपलीं माणसें पुरलीं, त्यांना परके कोणत्या तोंडानें म्हणावें?

एकदां वर्गांत मुरूडकडून आलेला एक मुलगा होता. जंजिऱ्याचा धडा चालू असतां मी सवयीनें म्हणालों, "तो आपल्याला घेतां आला नाहीं." मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, आमचें घर तेथेंच आहे." वर्ग हंसला. मीही हंसलों. त्याच्या वाक्यांतील 'आमचें' आणि माझ्या वाक्यांतील 'आपल्याला' यांत केवढें अंतर होतें, तें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नाहीं. श्रोत्यांपैकीं कोणी शिक्षक असतील, तर त्यांनीं हा धडा शिकवितांना वर्गांत कोण बसलें आहे तें आधीं पाहावें, एवढेंच सुचवून आपली रजा घेतों.