पठारावरची वाट

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत मजुरी, बोनस आणि संप यांवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आम्ही मात्र डोंगरपठारावरच्या पायवाटांविषयी बोलणार आहोत. विषय आडवळणाचा वाटेल. परंतु शेवटपर्यंत ऐकलेत तर तो आमच्याच दुकानातला माल आहे, हे पटेल. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते गावच्या वाचनालयात आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात. तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकासारखे बोलणे आम्हाला साधणार नाही. जे पाहिले आणि जे वाचून पडताळले, तेवढेच सांगतो.

पाहिलेले आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात जिनिंगमधले पंचवीसेक कामगार घेऊन आम्ही वाशीमच्या उत्तरेकडच्या डोंगरात गेलो. हंगाम चालू असला की या माणसांना रविवारही मिळत नाही; श्रावणात जिनिंग बंद, म्हणून सवड. सागाच्या रानातून हातभर रुंदीची एक वाट माथ्यावर जाते. वर सपाटी लागली. तिथे पाणी साचून चिखल झालेला. चिखल चुकवायला कोणी डावीकडून गेला, कोणी उजवीकडून. संध्याकाळी त्याच वाटेने परतलो, तेव्हा हातभर वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली होती आणि कडेचे गवत मातीत गेले होते. गुरांमागे आलेली एक म्हातारी आमच्याकडे पाहत उभी होती. ती म्हणाली, “भाऊ, पायाले लागलेला चिखल धुता येते. कडेकडेनं चालसान त गवत मरते, अन् वाट बी मरते.”

त्या बाईचे म्हणणे किती खोल आहे, हे आम्हाला पुढे एका परक्या पठाराविषयी वाचताना कळले.

इंग्लंडात मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानदारी शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे पठार आहे. त्याची उंची ६३६ मीटर. वाशीम शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तेव्हा उंचीत फारसा फरक नाही. फरक आहे तो जमिनीचा. त्या पठारावर काळीभोर, स्पंजासारखी ओली माती आहे. तिला पीट म्हणतात.

पीट म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला उकिरड्यावरून समजेल. उकिरड्यात पालापाचोळा कुजतो, कारण त्यात हवा शिरते आणि ऊब असते. पण पालापाचोळा बारा महिने गार पाण्यात बुडून राहिला, तर हवा मिळत नाही आणि तो पुरता कुजत नाही. वर्षामागून वर्षे त्याचे थर साचतात. या कामात मुख्य वाटा स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा. ते आपल्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरून ठेवते. पीट वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढते. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हापासून मोजले, तर आजवर जेमतेम पाऊण मीटर. एका बुटाच्या टाचेने जे उखडते, ते पुन्हा साठायला कित्येक वर्षे लागतात. पीट सुकली की तिच्यात कोंडलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. पृथ्वीवरच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भागच पीटचा. पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक तिच्यात साठलेला आहे.

आपल्या वऱ्हाडात पीट होत नाही. चार महिने पाणी आणि आठ महिने कोरड, वर उन्हाळ्याची भट्टी. पालापाचोळा साठायला सवडच मिळत नाही. भारतात नीलगिरीच्या थंड माथ्यावर पीट सापडते. महाराष्ट्रात तिच्या जवळपास येणारी जागा म्हणजे साताऱ्याजवळचे कास पठार. तिथे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि चार महिन्यांची दलदल होते. अशा निःसत्त्व पाणथळ जमिनीत दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती किडे पकडून आपली भूक भागवतात. २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यानंतर फुलांच्या हंगामात माणसांची इतकी रीघ लागली, की रोज किती जणांना सोडायचे याला मर्यादा घालावी लागली. फुले पाहायला येणाऱ्यांच्या पायाखाली फुलेच जाऊ लागली होती.

आता किंडर स्काउटकडे परत येऊ. शंभर वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी असे. पठार तर आगगाडीच्या टप्प्यात. पण ते बड्या जमीनदारांच्या मालकीचे होते. तितरासारख्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते राखलेले, आणि सर्वसामान्य माणसाला तिथे मज्जाव. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, काही शे तरुण कामगार हेफील्ड गावाजवळच्या दगडाच्या खाणीत जमले आणि उघडपणे, सांगून सवरून पठारावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा मोटारदुरुस्तीचे काम जाणणारा वीस वर्षांचा पोरगा. वर रखवालदारांशी झटापट झाली. पुढे खटला होऊन पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले.

सजा झाली, पण प्रश्न दडपला गेला नाही. १९३५ साली टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने मजूर पक्षाच्या बाजूच्या एका दैनिकात लेख लिहून डोंगरकण्यावरून जाणाऱ्या लांब पायवाटेची मागणी केली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि रानात फिरण्याच्या सवलतींचा कायदा झाला. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले; किंडर त्यातच येते. आणि २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे त्या चढाईला बरोबर ३३ वर्षे झाली त्या दिवशी, पेनाइन वे ही पायवाट खुली झाली. एडेल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे कर्क येथॉल्मपर्यंत सुमारे ४३० किलोमीटर. पुढे २००० सालच्या कायद्याने मोकळ्या डोंगरजमिनीवर चालण्याचा हक्कच मान्य केला. २००२ साली, सत्तराव्या वर्षदिनी, ज्यांच्या पूर्वजाने ती वाट अडवली होती त्या ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी जाहीर सभेत दिलगिरी व्यक्त केली.

इथपर्यंतची कथा आमच्या चळवळीतल्या माणसाला टाळी वाजवायला लावणारी आहे. पण खरा धडा पुढे आहे. हक्क मिळाला, माणसे आली, आणि जे आम्ही श्रावणात केले तेच त्यांनी केले. ओली पीट चुकवायला प्रत्येक जण कडेकडेने गेला. काही ठिकाणी पायवाटेचा काळा पट्टा अनेक मीटर रुंद झाला. वरचे शेवाळ आणि गवत गेले, उघडी पीट पावसाने वाहू लागली. त्याआधी मँचेस्टरच्या धुराड्यांच्या धुराने स्फॅग्नम जवळजवळ मारून टाकलेच होते. ज्या कारखानदारीने कामगाराची छाती पोखरली, तिनेच त्याच्या रविवारच्या पठाराचे कातडे सोलले. आणि उरलेसुरले त्याच्या बुटांनी पुरे करत आणले.

यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. लँकेशरच्या कापडगिरण्या बंद पडून पाडल्या जात होत्या. त्यांच्या जमिनीच्या जाड फरश्या निघाल्या. त्या हेलिकॉप्टरने डोंगरावर नेऊन पीटवर ओळीने अंथरल्या. कामगारांच्या पायांनी झिजलेल्या त्या फरशा आज दलदलीतली वाट झाल्या आहेत. चालणारा फरशीवर चालतो. कडेची जमीन पुन्हा हिरवी होते. शेवाळही हाताने लावण्याचे काम चालू आहे.

हे वाचताना आम्हाला आमचा कापूस आठवला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. पुढे आमच्या कारंजाहून मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ गाडीही कापसासाठीच आली. आता तिची चाके थांबली आहेत. कोणती गाठ कोणत्या गिरणीत गेली, याचा हिशेब आज कोण लावणार? पण आमच्या शेतातल्या कापसाचे आणि त्या फरशांचे नाते एकाच धंद्याचे आहे, एवढे खरे.

आता आपल्या दारात या. वाशीमचे पठार ही पाण्याची मोठी दुभंगरेषा आहे. काटा गावाजवळ उगम पावणारी पूस पैनगंगेला मिळते. ते पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. याच डोंगराळ भागातून निघणारी काटेपूर्णा उत्तरेला वळते. ते पाणी पूर्णा आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्राला मिळते. काटेपूर्णेच्या सागरानात १९८८ पासून अभयारण्य आहे. तिथे चौसिंगा राहतो. कारंजाजवळ सोहोळच्या गवताळ रानात काळवीट आहे. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल टाकू नये, असा १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. तर पिढ्यान्‌पिढ्या रानात वावरणाऱ्यांचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले आहेत. दोन्ही कायदे आपलेच आहेत. पण त्यांच्या मधली हातभर वाट आखायची कोणी?

आमचे म्हणणे असे, की ती वाट रोज तुडवणाऱ्यांना विचारून आखावी. मोह आणि तेंदूपान वेचणाऱ्या बाया, गुराखी, मजूर यांना माथ्यावर पाणी कुठे मुरते, गवत कुठे धरते आणि श्रावणात पाय कुठे रुततो, हे ठाऊक असते. नकाशा त्यांच्याकडून घ्यावा, आणि ओल्या जागी चार दगड ओळीने टाकावेत. मग शहरातल्या कामगारालाही त्याचा रविवार मिळेल आणि रानही राहील.

संपात आम्ही माणसांना सांगतो, ओळ सोडू नका. ओळ सोडली की पोलिसांचे फावते आणि मालकाचेही. पठारावर मालक नसतो, पोलीस नसतो. तिथे ओळ सोडली तर गवत जाते. आम्ही अजूनही श्रावणात कामगारांना घेऊन त्या डोंगरात जातो. चिखल लागला की आम्ही पुढे होतो, चपला हातात घेतो आणि मधून चालतो. मागची माणसे हसतात, पण मागोमाग येतात. मागच्या पावसाळ्यात पाहिले, तर कडेचे गवत बरेच सावरले आहे.