पीकपाहणीत न येणारे पीक

गाव नमुना सात व बारा यांची ओळख नसलेला खातेदार आपल्याकडे विरळाच. सातमध्ये जमिनीवरील हक्क लिहावयाचे आणि बारामध्ये तीत उभी असलेली पिके. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी या कागदांच्या सहवासात गेली, व त्यांविषयी त्यास आदरही आहे. तथापि परसातील पावटा, विहिरीच्या दंडाकडेची मेथी, छपरावर चढलेला भोपळा आणि दुपारच्या सावलीत सुईदोऱ्याने तयार होणारी वाकळ यांस त्या नमुन्यांत रकाना नाही. गावठाणातील परसास मुळी सातबाराच नसतो. सन २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व खातेदाराने आपले पीक आपणच मोबाइलवर नोंदवावे असे ठरले. तरी परसाची स्थिती होती तीच राहिली. हे पीक काढणारे हात बहुधा घरातील बायकांचे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या रिकाम्या रकान्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पण या पिकाची पाहणी कोणीच करीत नाही, असे मात्र नव्हे. ती आपले सण करतात, आणि फार कसून करतात. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. हाताने खणून लावलेल्या भाज्या तेवढ्या चालावयाच्या. म्हणजे भाद्रपदात ज्या घरी परस नाही, त्या घरास त्या दिवशी बाजार गाठावा लागतो. गौरींपुढे सोळा भाज्या मांडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. तीही याच जातीची परीक्षा होय. भोगीच्या भाजीस हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, गाजर, वांगे, घेवडा ही सर्व ताजी लागतात. पूर्वजांनी हे हेतुपुरस्सर ठरविले की नाही, हा वाद विद्वानांवर सोपवू. परिणाम मात्र असा झाला की, परसात काय पिकते आहे हे वर्षातून अनेकदा साऱ्या घरास पाहावे लागे.

या सर्वांत आमच्या लातूर-धाराशिव भागाची वेळा अमावास्या आम्हांस विशेष प्रिय आहे. मार्गशीर्षाची ही अमावास्या डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. कर्नाटकातील बिदर, कलबुर्गी या बाजूंसही ती पाळतात. त्या दिवशी लातूर शहरातील रस्ते ओस पडतात, कारण सारे लोक शिवारात असतात. कडब्याची कोप उभारून तीत पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात व आंबील घेऊन पिकावर शिंपडीत शेतास फेरी घालतात. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून केलेली ही आंबील मातीच्या बिंदग्यातून डोईवर शेतात येते. तिच्या जोडीस भज्जी. तूर, वाटाणा, पावटा, हरभरा यांचे ओले दाणे, गाजर, वांगी, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ व बेसन, असा तिचा थाट असतो. ही भज्जी म्हणजे त्या हंगामाचा शिजविलेला नमुना बारा आहे, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.

घरून शेतापर्यंतची ती वाट पायी चालावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. हल्ली मंडळी मोटारसायकलीवरून कोपीशी उतरतात, जेवतात व परततात. पाणंदीने सावकाश गेले म्हणजे कोणाची ज्वारी निसवली, कोणाच्या हरभऱ्यास घाटे धरले, करडईवर मावा पडला की काय, कोणत्या बांधावरची बोरे पिकली, हे सारे मुलांच्या दृष्टीस पडते. खरिपात सोयाबीन व रबीत हरभरा असा क्रम या भागात पडल्यामुळे ज्वारीचे क्षेत्र आखडले आहे. कोपीस कडबा विकत आणणारे खातेदारही आता आढळतात. तोच प्रकार भज्जीच्या दाण्यांचा. पिशवीतून बाजारचा वाटाणा शेतात न्यावयाचा व तेथे शेताची पूजा करावयाची, यात काहीतरी चुकते आहे एवढे कोणासही समजावे.

म्हणून परसाविषयी दोन गोष्टी लिहितो. एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा, कुटुंबाच्या नित्याच्या भाजीस पुष्कळ हातभार लावते. अर्धा गुंठा असला तरी आरंभ करावा. मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणास शेवगा व हादगा, मांडवावर पावटा. जुना वेलीचा पावटा आषाढात लाविला असता पावसाळाभर नुसता पाला वाढवितो, आणि अधीर मनुष्य तो वांझ समजून उपटतो. ते करू नये. दिवस लहान होऊ लागल्याखेरीज या जातीस फूल येत नाही. शेंगा मार्गशीर्ष-पौषात मिळावयाच्या. मेथी महिन्याभरात खुडणीस येते, यास्तव भोगीस हवी असल्यास डिसेंबरच्या मध्यास पेरावी, व त्यापुढे दर पंधरवड्यास एकेक वाफा. बियाण्यासाठी पावट्याच्या पहिल्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवावेत. दुधीचे बी मात्र जपून धरावे. जवळपास कडू भोपळ्याचा वेल असेल तर माश्यांमुळे संकर होऊन पुढील वर्षी फळ कडू निघते, व कडू दुधी खाणे प्रकृतीस घातक आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी असेच घरचे वाण जतन केले व २०२० साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा प्रारंभही परसातीलच.

आता सुईकडे वळू. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर भरते. त्याचे चार समान तुकडे केले, दोन-दोन कडेस कडा लावून जोडले, तर एकाच लुगड्यातून वाकळीची वरची व खालची अशी दोन्ही अंगे निघतात. आत जुन्या धोतरांचे व चिंध्यांचे थर घालावे आणि बाहेरून आत धावदोरा घालीत जावे. ही सारी किमया सुती कापडाची. आता घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या साठल्या आहेत. त्यांची वाकळ दिसावयास झगझगीत, परंतु थर घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि शेकोटीची ठिणगी उडाली तर तो धागा वितळून कातडीस चिकटतो. तान्ह्याच्या दुपट्यास, कुंचीस, झबल्यास असले कापड कदापि वापरू नये. घरातील एखादे जुने सुती लुगडे शिल्लक असेल तर ते बोहारणीस देण्यापूर्वी घरात बाळंतपण आहे काय ते विचारावे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर बोरन्हाण होते. बाळास काळे झबले शिवावयाचे, हलव्याचे दागिने घालावयाचे, आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे डोक्यावरून ओतावयाचे. इतर मुले ते वेचण्यास झेपावतात. बांध, शेत, परस आणि सुई या चारहींचे उत्पन्न एका पाटावर असे दुसऱ्या कोणत्या समारंभात एकत्र येते, ते आम्हांस ठाऊक नाही. तयार झबले व प्लास्टिकच्या पुडीतील सामान आणून हा विधी दहा मिनिटांत उरकता येतो, हेही खरे.

आमच्या घरी सूनबाईंनी दसऱ्यापासून या उत्पन्नाची वही धरिली आहे. भाजी किती निघाली, बाजारभावाने किंमत काय, वाकळ कोणती शिवली, बी किती ठेविले. शेजारी वाटलेल्या पावट्याच्या शेंगांस भाव कोणता लावावा, यावर आमचा व त्यांचा दोन दिवस वाद चालला. रक्कम लिहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही, हा आमचा कारकुनी आग्रह. त्या म्हणाल्या, "मामंजी, सुगीत तीच बाई आपल्या खळ्यावर येते, त्याचा भाव तुम्ही कुठे लिहिता?" अखेर त्या रकान्यात शेजारणीचे नाव लिहिले गेले.

अशी वही प्रत्येक घरी असावी. पण वहीने हक्क उत्पन्न होत नाही, हे महसूल खात्यात काम केलेल्यास निराळे सांगावयास नको. नमुना बारामध्ये परसास रकाना नसला तरी नमुना सातमध्ये ते परस राखणारीच्या नावास जागा आहे. शासनाने १९९२ साली लक्ष्मी मुक्तीचे परिपत्रक काढले. त्यानुसार पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. अर्ज गावच्या तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे द्यावयाचा. नंतर फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, व नोंद प्रमाणित झाल्यावर नाव चढते. अर्जासोबत चालू सातबारा व आठ-अ चा उतारा जोडावा, आणि नोंद प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून नावातील अक्षर न् अक्षर तपासून पाहावे.