लघवीतील शर्करासाखळ्यांचे मोजमाप

साखर तपासणे म्हटले की रक्तातील ग्लुकोज डोळ्यांसमोर येते. परंतु कूर्चा, त्वचा आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत शर्करांच्या लांबलचक साखळ्याही असतात, आणि त्यांचे मापन ग्लुकोजच्या मापनाहून कितीतरी अवघड असते. ग्लायकोसअमिनोग्लायकन, संक्षेपाने गॅग, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साखळ्यांत दोन शर्करांची जोडी पुन्हापुन्हा येते आणि बहुतेक साखळ्यांवर ऋणभारित सल्फेट गट असतात. डीएनएच्या असंख्य प्रती प्रयोगशाळेत काढता येतात. शर्करासाखळी मात्र कोणत्याही साच्यावरून घडत नसल्याने तिची प्रत काढता येत नाही, आणि नमुन्यात जेवढी असेल तेवढीच मोजावी लागते.

या मोजणीचे महत्त्व म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या दुर्मीळ आनुवंशिक विकारांत विशेष जाणवते. पेशीतील लायसोसोम या कप्प्यांत जुन्या साखळ्यांचे टप्प्याटप्प्याने विघटन होते. त्यांपैकी एका टप्प्याचे एन्झाइम जन्मतः सदोष असल्यास अर्धवट तुटलेल्या साखळ्या साचतात व लघवीतून अधिक प्रमाणात बाहेर पडतात. चार्ल्स हंटर यांनी 1917 मध्ये आणि गर्ट्रूड हर्लर यांनी 1919 मध्ये वर्णन केलेले विकार याच गटातले असून, हर्लर विकारात जन्मतः बहुधा निरोगी दिसणाऱ्या बाळाचे सांधे पुढे आखडतात, यकृत व प्लीहा वाढतात आणि बौद्धिक विकास खुंटतो.

प्राथमिक चाचणीत लघवीत डायमिथिलमिथिलीन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य मिसळतात. त्याचे धनभारित रेणू सल्फेट गटांना चिकटून एकमेकांशेजारी दाटीने बसले की निळा रंग जांभळट होतो, आणि सुमारे 525 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून गॅगचे प्रमाण काढतात. लघवी कधी पातळ, कधी घट्ट असल्याने हा आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणाने भागतात. शिवाय तान्ह्या बाळांत गॅग मुळातच जास्त असल्याने तो वयानुसारच तपासावा लागतो.

तथापि रंगद्रव्याला फक्त विद्युतभार कळतो, साखळीचा प्रकार नव्हे. केराटन सल्फेट या गॅगशी त्याची प्रतिक्रिया दुबळी असल्याने, तेच साचणाऱ्या याच गटातील मॉर्किओ विकारात एकूण आकडा सामान्य येऊ शकतो. उलट उपचारासाठी दिलेले हेपारिनही गॅगच असल्याने आकडा फसवा वाढतो. म्हणून पुढच्या टप्प्यात साखळ्यांचे एन्झाइमने द्विशर्करांत तुकडे करून ते द्रव-वर्णलेखनाने वेगळे करतात व मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. सल्फेटची जागा बदलली तरी तुकड्याचे वजन तेच राहते, त्यामुळे केवळ वजनावर विसंबून भागत नाही; तसेच प्रक्रियेत होणारी घट ओळखण्यासाठी जड समस्थानिक असलेला तोच रेणू ठरावीक मात्रेत आधीच मिसळतात. त्यानंतरही अंतिम निदान पांढऱ्या पेशींतील एन्झाइमच्या व जनुकाच्या तपासणीनेच होते.

उपचारांचा परिणाम पाहतानाही हाच विवेक लागतो. हर्लर विकारासाठी 2003 पासून उपलब्ध असलेले लॅरोनिडेज हे एन्झाइम शिरेतून दिल्यावर लघवीतील गॅग घटतात. परंतु हे एन्झाइम रक्त आणि मेंदू यांमधील अडसर पुरेसे ओलांडत नसल्याने, मेंदूत काय घडत आहे हे त्या घटलेल्या आकड्यावरून कळत नाही, आणि त्यासाठी मेंदू-मज्जाद्रवातील हेपारन सल्फेट हे गॅगच मोजावे लागते.